एचपीव्हीचे कोणते प्रकार कोणत्या आजारात आढळतात, आणि अहवालातील ‘इतर प्रकार’ याचा अर्थ काय?

अनेर_काठ (चोपडा)

नमस्कार. माझ्या जाऊबाई ४२ वर्षांच्या आहेत. त्यांना कसलाही त्रास नव्हता, तरी एका आरोग्य शिबिरात त्यांनी गर्भाशयमुखाची एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस या विषाणूची) तपासणी करून घेतली. अहवालात तीन ओळी आहेत. ‘प्रकार १६ : आढळला नाही’, ‘प्रकार १८ : आढळला नाही’ आणि ‘इतर १२ उच्च-जोखीम प्रकार : आढळले’. घरात यावरून दोन तट पडले आहेत. १६ आणि १८ नाहीत म्हणजे काळजीचे कारण नाही, असे एक बाजू म्हणते. बारा विषाणू सापडले म्हणजे आजार अंगात पसरला, असे दुसरी बाजू धरून बसली आहे. जाऊबाई मात्र या सगळ्यात जेवणावरून उठल्यासारख्या झाल्या आहेत.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हा विषाणू त्वचेच्या आणि अंतस्त्वचेच्या पेशींत वाढतो आणि त्याचे पुष्कळ प्रकार आहेत, एवढे मला ठाऊक आहे. माझे दोन प्रश्न आहेत. ‘इतर १२’ म्हणजे नेमके काय समजायचे? आणि या विषाणूशी संबंधित जे वेगवेगळे आजार आहेत, त्यांच्या रुग्णांत कोणते प्रकार किती प्रमाणात आढळतात? येथे जाणकार मंडळी आहेत, म्हणून विचारते.

पांझराकाठ (धुळे)

ताई, आधी अहवालाविषयी सांगतो, कारण घरातील दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. बारा प्रकार आढळले, असे तो अहवाल म्हणत नाही. यंत्र ३१, ३३, ३५, ३९, ४५, ५१, ५२, ५६, ५८, ५९, ६६ आणि ६८ या बारा प्रकारांचा शोध एकत्रितपणे घेते आणि त्यांपैकी एक जरी असला तरी ‘आढळले’ अशी एकच नोंद देते. त्यामुळे जाऊबाईंना बहुधा एका, क्वचित दोन प्रकारांचा संसर्ग असेल. संसर्ग म्हणजे कर्करोग नव्हे, तसेच संसर्ग आहे म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखी बाबही नव्हे. पुढची तपासणी करावी लागेल.

आता दुसरा प्रश्न. मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि हे प्रकार मी रोगाच्या नावाने लक्षात ठेवतो. आजवर या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. बाहेरील आवरणाचे प्रथिन बनवणारे एल१ नावाचे जनुक इतर सर्व ज्ञात प्रकारांपेक्षा १० टक्क्यांहून अधिक वेगळे असेल, तरच नवा क्रमांक दिला जातो. हे क्रमांक शोधाच्या क्रमाने पडलेले आहेत, त्यांचा घातकतेशी संबंध नाही. १६ पेक्षा ५८ मोठा म्हणून तो अधिक वाईट, असे नाही.

जननेंद्रियांवरील मांसल चामखिळींच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत ६ किंवा ११ हे प्रकार सापडतात. हेच दोन प्रकार क्वचित लहान मुलांच्या स्वरयंत्रात गाठी निर्माण करतात. बाळंतपणात आईकडून बाळाकडे संसर्ग जातो, मुलाचा आवाज घोगरा होतो, श्वास अडतो आणि गाठी काढल्या तरी पुन्हा पुन्हा येतात. कर्करोग करण्याची क्षमता सिद्ध झालेले प्रकार निराळे आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १६, १८, ३१, ३३, ३५, ३९, ४५, ५१, ५२, ५६, ५८ आणि ५९ यांना निश्चित कर्करोगकारक मानले आहे, तर ६८ ला संभाव्य. ६६ हा अनेक चाचण्यांच्या संचात अजूनही असतो, पण त्याच्यामुळे कर्करोग झाल्याचा पुरावा फारच तोकडा आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा विचार केला, तर जगभरात १६ आणि १८ मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांत आढळतात. भारतातील अभ्यासांत हा वाटा आणखी मोठा, ८० टक्क्यांच्या आसपास दिसतो. गुदद्वाराच्या कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्के या विषाणूमुळे होतात आणि त्यांतही १६ चेच वर्चस्व असते.

केळीबाग_रावेर

माहितीपूर्ण धागा आहे. माझा एक साधा प्रश्न. आमच्या बागेत काम करणाऱ्या दोघा-तिघांच्या तळपायाला आणि बोटांना चामखिळी आहेत. हाही तोच विषाणू असेल, तर त्यांच्यापासून घरातील स्त्रियांना गर्भाशयमुखाचा धोका आहे का? त्यांच्यापैकी एकाला कोणीतरी असे सांगितले आहे आणि तो फार घाबरला आहे.

भुसावळ_जंक्शन

केळीबाग दादा, त्याला निश्चिंत करा. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि ही भीती मी रुग्णांच्या तोंडून वारंवार ऐकते. हातापायांच्या चामखिळी मुख्यतः १, २ आणि ४ या प्रकारांमुळे होतात. चेहऱ्यावर आणि हाताच्या पाठीवर येणाऱ्या चपट्या चामखिळींत ३ आणि १० आढळतात. मांस कापणाऱ्या लोकांच्या हातांवर ७ हा प्रकार विशेष करून सापडतो. प्रत्येक प्रकाराला ठराविक जागेची त्वचा मानवते. तळपायावर वाढणारा प्रकार १ गर्भाशयमुखात जाऊन कर्करोग करत नाही.

एक गोष्ट मात्र सांगते. तळपायाची चामखीळ आणि कुरूप यांत आपल्याकडे फार गोंधळ होतो. लोक कुरूप समजून ब्लेडने कापतात आणि तेच ब्लेड घरात दुसराही वापरतो, त्यामुळे संसर्ग पसरतो. चामखिळीचा वरचा थर तासला की रक्ताचे काळसर ठिपके दिसतात, कुरुपात ते दिसत नाहीत. अनवाणी शेतात उतरणाऱ्यांनी निदान करून घ्यावे, घरी कापू नये.

त्वचेच्या आजारांत आणखी एक दुर्मीळ आजार आहे. त्यात जन्मतःच या विषाणूंविरुद्धची प्रतिकारशक्ती उणी असते आणि अंगभर चपट्या चामखिळी येतात. अशा रुग्णांत ५ आणि ८ हे प्रकार सापडतात आणि उन्हाला उघड्या राहणाऱ्या त्वचेवर पुढे कर्करोग होऊ शकतो. आपल्या भागातील ऊन लक्षात घेता अशा रुग्णाने अंग झाकून काम करणे फार महत्त्वाचे आहे.

गिरणामाई (जळगाव)

पांझराकाठ यांनी दिलेली आकडेवारी बरोबर आहे. परंतु मला एका गोष्टीवर जोर द्यावासा वाटतो, कारण स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षे काम करताना याच ठिकाणी सर्वाधिक गैरसमज पाहिले आहेत. ‘अमुक प्रकार इतके टक्के आढळतो’ हे वाक्य ‘कोणांमध्ये’ हे सांगितल्याशिवाय अपुरे असते. निरोगी गर्भाशयमुख असलेल्या स्त्रिया, सौम्य पेशीबदल असलेल्या स्त्रिया, तीव्र पूर्वकर्करोग असलेल्या आणि प्रत्यक्ष कर्करोग झालेल्या स्त्रिया हे चार निरनिराळे गट आहेत आणि प्रत्येकात प्रकारांचे मिश्रण वेगळे दिसते.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात जगभरातील १ लाख १५ हजारांहून अधिक एचपीव्ही-बाधित स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. पेशी सामान्य किंवा किंचित बदललेल्या असताना बाधितांपैकी २० ते २८ टक्क्यांमध्ये १६ होता. मध्यम ते तीव्र बदलांत तो ४० ते ४७ टक्क्यांवर गेला, सर्वांत तीव्र पूर्वकर्करोगात ५८ आणि कर्करोगात ६३ टक्क्यांपर्यंत पोहोचला. आजाराची पायरी जसजशी चढावी, तसतसा १६ चा वाटा वाढत जातो. ५१, ५६, ६६ यांसारखे प्रकार खालच्या पायऱ्यांवर पुष्कळ दिसतात आणि वर जाताना गळून पडतात. पावसानंतर कपाशीत नाना तऱ्हेचे तण उगवते, पण पीक मारणारे तण त्यात एखाद-दुसरेच असते, तसे हे आहे.

१८ आणि ४५ यांचे वागणे आणखी वेगळे आहे. पूर्वकर्करोगाच्या पायरीवर ते फारसे सापडत नाहीत आणि कर्करोगात मात्र ठळकपणे दिसतात. त्याचे एक कारण असे की ते गर्भाशयमुखाच्या आतील नळीत, ग्रंथींच्या पेशींत वाढण्याकडे झुकलेले असतात, त्यामुळे डोळ्याने किंवा पॅप चाचणीत (मुखावरील पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या चाचणीत) ते लवकर हाती लागत नाहीत. २०१० च्या एका अभ्यासात ३८ देशांतील १० हजारांहून अधिक कर्करोगांचे नमुने तपासले गेले. त्यातील विषाणू सापडलेल्या ग्रंथीपेशींच्या कर्करोगांपैकी ९४ टक्क्यांत १६, १८ किंवा ४५ यांपैकी एक प्रकार होता. या तीन प्रकारांच्या रुग्ण स्त्रिया इतर प्रकारांच्या रुग्णांपेक्षा काही वर्षांनी तरुण होत्या, हेही त्याच अभ्यासात दिसले.

म्हणून ताई, तुमच्या जाऊबाईंच्या अहवालात १६ आणि १८ नाहीत, ही निश्चितच दिलासा देणारी गोष्ट आहे. मात्र ‘इतर’ गटात ४५, ३१ आणि ३३ हेही आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.

साक्रीची_गटप्रवर्तक

मी आशाताईंच्या गटाचे काम पाहते. हे सारे वाचून खूप समजले, पण मैदानातील परिस्थिती मांडल्याशिवाय राहवत नाही. आमच्या बायका म्हणतात, ‘माले काय तरास नही, मी कसाले तपासणीले येऊ?’ ज्यांना अंगावरून पांढरे जाते, त्या थेट ‘पिशवी काढून टाका’ म्हणून येतात; ज्यांना काहीच होत नाही, त्या येतच नाहीत. पश्चिमेकडील पाड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि सहा-सहा महिने गावात दिसत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशभरात अवघ्या १.९ टक्क्यांनी कधीतरी गर्भाशयमुखाची तपासणी केल्याचे आढळले होते. अशा वेळी १६ किती आणि ४५ किती, हा हिशेब आमच्या काय कामाचा?

उपकेंद्रावर व्हिनेगरच्या पाण्याची तपासणी होते, म्हणजे ३ ते ५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुख पांढरे पडते का ते पाहतात. ती स्वस्त आहे, निकाल जागीच मिळतो. आधी तीच सगळ्यांपर्यंत पोहोचवावी, असे माझे प्रामाणिक मत आहे.

वाघूर

गटप्रवर्तक ताईंच्या तळमळीचा आदर राखून असहमती नोंदवतो. मी सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करतो. प्रकारांची मोजणी ही केवळ विद्यापीठातील हौस नाही. लस कोणत्या प्रकारांविरुद्ध बनवायची, चाचणीत कोणते प्रकार धरायचे आणि पॉझिटिव्ह स्त्रियांपैकी कोणाला आधी बोलवायचे, हे तिन्ही निर्णय त्याच मोजणीवर उभे आहेत.

या मोजणीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या गटाने १९८३ मध्ये १६ आणि १९८४ मध्ये १८ हा प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून वेगळा केला, आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जगभरातील प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या हेला पेशी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या कर्करोगातून घेतलेल्या होत्या आणि त्यांत १८ आहे. पुढे १९९५ मध्ये २२ देशांतील सुमारे हजार नमुन्यांच्या अभ्यासात ९३ टक्के नमुन्यांत विषाणू सापडला; १६ निम्म्या नमुन्यांत, १८ सुमारे १४ टक्क्यांत, ४५ सुमारे ८ टक्क्यांत आणि ३१ सुमारे ५ टक्क्यांत. उरलेले ७ टक्के कर्करोग विषाणूशिवाय झाले, असे कोणी म्हणू शकले असते. पण १९९९ मध्ये त्याच नमुन्यांची अधिक काटेकोर फेरतपासणी झाली आणि हे प्रमाण ९९.७ टक्क्यांवर गेले.

आधी विषाणू हुकला, त्याला कारणे होती. काही तुकड्यांत कर्करोगाच्या पेशीच पुरेशा नव्हत्या. शिवाय विषाणूचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात शिरतो, तेव्हा त्याचा काही भाग तुटून हरवू शकतो आणि कधी कधी तो भाग एल१ चा असतो. नेहमीची पीसीआर चाचणी एल१ वरच आधारलेली असेल, तर विषाणू असूनही ती ‘नाही’ म्हणते. कर्करोगाला आवश्यक असणारी ई६ आणि ई७ ही जनुके मात्र टिकून राहतात, कारण पेशीची पी५३ आणि आरबी ही दोन रक्षक प्रथिने तीच निकामी करतात. म्हणून चांगल्या अभ्यासात ई६ किंवा ई७ शोधणारी चाचणीही जोडतात.

माझी इच्छा अशी आहे की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून येथील रुग्णांचा असा एक अभ्यास करावा. त्यात ताजे नमुने आणि पॅराफिन मेणात जपून ठेवलेले ऊतींचे जुने ठोकळे यांचे निकाल एकत्र मिसळू नयेत, कारण फॉर्मॅलिनमध्ये डीएनएचे तुकडे होतात आणि जुन्या ठोकळ्यांत विषाणू कमी सापडतो. एका स्त्रीत दोन-तीन प्रकार असतील, तर आजाराचे खापर कोणावर फोडायचे याचा नियम आधीच ठरवावा. नाहीतर टक्केवारीची बेरीज शंभराच्या पुढे जाते आणि वाचणारा गोंधळतो.

पांझराकाठ (धुळे)

वाघूर यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. एक भर घालतो. अभ्यासात पॉझिटिव्ह कोण, यापेक्षा तपासणीला आले कोण, हे आधी पाहावे. रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांत आजार आधीच बळावलेला असतो, म्हणून तेथे १६ चा वाटा फुगलेला दिसतो. तो आकडा गावातील सर्व स्त्रियांना लावणे चूक ठरेल.

गिरणामाई (जळगाव)

गटप्रवर्तक ताई आणि वाघूर यांच्या वादात आपल्याच राज्यातील एक पुरावा उपयोगी पडेल. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आणि टाटा स्मारक केंद्राच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून एक चाचणी-अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचे चार गट केले गेले. एका गटाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला अ‍ॅसिटिक आम्लाची तपासणी आणि चौथ्याला नेहमीचीच सेवा मिळाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. उरलेल्या दोन तपासण्यांत तसा लक्षणीय फरक दिसला नाही. ज्यांची एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आली होती, त्यांच्यापैकी त्या काळात या कर्करोगाने कोणीही दगावले नाही.

त्या अभ्यासात वापरलेली चाचणी प्रकारांचे क्रमांक सांगतच नव्हती. तेरा उच्च-जोखीम प्रकारांपैकी काही आहे की नाही, एवढेच ती सांगत होती. म्हणजे क्रमांक न कळताही जीव वाचले. ताईंचे म्हणणे या अर्थाने खरे आहे. आम्लाच्या तपासणीलाही मी कमी लेखत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ती दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण ती पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि सहा महिने ऊसतोडीला जाणारी बाई पुन्हा सापडेलच असे नाही. जी एकदाच भेटणार आहे, तिच्यासाठी मला एचपीव्ही चाचणीच योग्य वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून तीच प्रथम पसंतीची मानली आहे, ३० वर्षांपासून, पाच ते दहा वर्षांच्या अंतराने. नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते, त्यामुळे संकोचाचा प्रश्नही पुष्कळ अंशी सुटतो.

साक्रीची_गटप्रवर्तक

स्वतः नमुना घेता येतो, ही गोष्ट माझ्यासाठी मोलाची आहे. आमच्या बायका तपासणीच्या टेबलाला घाबरतात, आजाराला नव्हे. असे असेल तर माझा विरोध मी मागे घेते. फक्त पॉझिटिव्ह आलेल्या बाईला कोठे पाठवायचे आणि तिच्या गाडीभाड्याची सोय कोण करणार, हे शिबिराच्या आधी ठरलेले असावे.

जुना_वाचक

चर्चा उद्बोधक आहे. एक शंका विचारतो, राग नसावा. हा संसर्ग शरीरसंबंधातून होतो, असे सगळीकडे लिहिलेले असते. मग सरळ वागणाऱ्या घरांतील स्त्रियांनी तपासणी का करावी? त्याने उलट संशयाचे वातावरण निर्माण होणार नाही का?

गिरणामाई (जळगाव)

राग मुळीच नाही. हा प्रश्न उघडपणे विचारला जाणे आवश्यक होते. लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक सर्व स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा संसर्ग होतो. एकाच जोडीदारासोबत संसार केलेल्या स्त्रीलाही तो होऊ शकतो, पतीला लग्नाआधी झालेला असू शकतो आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. दहापैकी नऊ संसर्ग वर्ष-दोन वर्षांत शरीर स्वतःच घालवते. जो उरतो, त्यातून कर्करोग व्हायला सहसा १५ ते २० वर्षे लागतात. त्यामुळे आज आलेल्या पॉझिटिव्ह अहवालावरून संसर्ग कधीचा आणि कोणाकडून, हे कोणीही सांगू शकत नाही. अहवाल पाहून नवऱ्याने बायकोला माहेरी पाठवल्याच्या घटना मी पाहिल्या आहेत. त्या अन्यायाला वैद्यकीय आधार तसूभरही नाही.

अमळनेरकर

मी दंतवैद्य आहे. संबंधित आजारांत घशाच्या कर्करोगाचा उल्लेख राहिला, म्हणून लिहितो. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगांपैकी काही एचपीव्हीमुळे होतात आणि त्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांत एकटा १६ असतो. अमेरिकेत आणि युरोपातील काही देशांत या कर्करोगांचे प्रमाण वाढले आहे. आपल्याकडे गाल, हिरडी आणि जिभेच्या पुढच्या भागाचे कर्करोग अधिक दिसतात. त्यांचे मुख्य कारण तंबाखू, गुटखा आणि सुपारी हेच आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी माझ्या खुर्चीत बसणाऱ्या तरुणांची तोंडे पुरती उघडत नाहीत. ‘डॉक्टर, हे त्या विषाणूने झाले असेल का?’ असे ते आशेने विचारतात. तंबाखूवरचा दोष विषाणूवर ढकलू नये, एवढीच विनंती.

चाळीसगावकर

माझी मुलगी १३ वर्षांची आणि मुलगा ११ वर्षांचा आहे. लसीत नेमके कोणते प्रकार असतात? पुण्याची लस आणि परदेशी लस यांत फरक काय? आणि मुलाला द्यावी का?

वाघूर

चाळीसगावकर दादा, पहिली लस २००६ मध्ये आली, तिच्यात ६, ११, १६ आणि १८ हे चार प्रकार होते. दुसऱ्या एका कंपनीच्या लसीत केवळ १६ आणि १८ होते. २०१४ मध्ये नऊ प्रकारांची लस आली. तिच्यात ३१, ३३, ४५, ५२ आणि ५८ यांची भर पडली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि तिच्यात ६, ११, १६, १८ हे चार प्रकार आहेत. भारतातील सुमारे ८० टक्के गर्भाशयमुख-कर्करोगांमागे असलेले दोन्ही प्रकार तिच्यात आले. नऊ प्रकारांच्या लसीची व्याप्ती मोठी आहे, पण किंमतही बरीच मोठी आहे. महागड्या लसीची वाट पाहत मुलीचे वय वाढू देण्यापेक्षा उपलब्ध असलेली लस वेळेवर द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व्हाव्हॅक मुलांनाही देता येते.

लसीत विषाणूचा डीएनए नसतो, फक्त एल१ प्रथिनाची पोकळ आवरणे असतात, त्यामुळे तिच्यापासून संसर्ग होणे अशक्य आहे. मात्र आधीच झालेला संसर्ग ती बरा करत नाही, म्हणून ९ ते १४ हे वय उत्तम. मात्रांविषयी सांगायचे तर भारतातच २००९ मध्ये दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारा अभ्यास सुरू झाला होता. २०१० मध्ये सरकारी आदेशाने लसीकरण मध्येच थांबले आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढे दहा वर्षे त्यांचा पाठपुरावा केला असता, एका मात्रेनेही १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळाल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागे हाही पुरावा आहे. बालरोगतज्ज्ञांना विचारून मात्रा ठरवा.

भुसावळ_जंक्शन

६ आणि ११ लसीत का आहेत, असे अनेकजण विचारतात, कारण त्यांच्याने कर्करोग होत नाही. ऑस्ट्रेलियात २००७ पासून मुलींना लस मिळू लागल्यावर तरुण स्त्रियांतील जननेंद्रियांच्या चामखिळी झपाट्याने कमी झाल्या आणि लस न घेतलेल्या तरुण पुरुषांतही त्या घटल्या. या चामखिळींनी माणूस मरत नाही, पण लाजेपोटी दोन-दोन वर्षे डॉक्टरकडे न जाणारे रुग्ण मी पाहते. त्यांच्या मनाची अवस्था फार वाईट असते.

अनेर_काठ (चोपडा)

सर्वांचे मनापासून आभार. जाऊबाईंना मी हे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. त्यांचा प्रश्न असा आहे की ‘इतर’ मधील नेमका क्रमांक काढण्यासाठी आणखी पैसे खर्च करून वेगळी चाचणी करावी का? आणि गर्भपिशवीच काढून टाकली तर प्रश्न मिटेल, असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे.

गिरणामाई (जळगाव)

नेमका क्रमांक काढण्याची आज गरज नाही. ४५ निघाला काय किंवा ५१ निघाला काय, पुढची पायरी तीच राहील. १६ किंवा १८ असता, तर मी थेट कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मुखाची तपासणी करायला सांगितले असते. ‘इतर’ असल्यामुळे आधी पॅप किंवा आम्लाची तपासणी करून घ्यावी, त्यात काही आढळले तर कोल्पोस्कोपी आणि गरज पडल्यास तुकड्याची तपासणी. काही आढळले नाही, तर वर्ष ते दोन वर्षांनी एचपीव्ही चाचणी पुन्हा करावी. ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण त्रास नसल्याने ती विसरली जाते. पूर्वकर्करोग सापडलाच, तर मुखाचा तेवढाच भाग गोठवून, उष्णतेने किंवा तारेच्या फासाने काढता येतो आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

केवळ पॉझिटिव्ह अहवालावरून पिशवी काढणे सर्वस्वी अयोग्य आहे. विषाणू योनीमार्गातही राहू शकतो, आणि आत लपलेला कर्करोग न तपासता पिशवी काढली, तर पुढचे उपचार अवघड होऊन बसतात.

नंदुरबार_समुपदेशक

एका गटाचा उल्लेख कोणी केला नाही. मी एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींसोबत काम करतो. या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो, त्यांच्यात एकाच वेळी अनेक प्रकार आढळतात आणि १६ व १८ सोडून इतर प्रकारांचे प्रमाणही अधिक असते. आजार वाढण्याचा वेगही जास्त असतो. म्हणून त्यांच्यासाठी ‘इतर १२’ ही ओळ अधिक गांभीर्याने घ्यावी. त्यांची तपासणी २५ व्या वर्षापासून, तीन ते पाच वर्षांच्या अंतराने सुचवली जाते, आणि लसीची एक मात्रा त्यांना पुरेशी मानत नाहीत.

साक्रीची_गटप्रवर्तक

डॉक्टर, शेवटचा एक प्रश्न. आमच्या गावांत पस्तिशी-चाळिशीतच पिशवी काढलेल्या पुष्कळ बायका आहेत. त्यांची तपासणी करायची की त्यांना यादीतून वगळायचे?

गिरणामाई (जळगाव)

सरसकट वगळू नका. शस्त्रक्रियेत गर्भाशयमुखही काढले असेल, काढलेल्या भागाच्या अहवालात पूर्वकर्करोग किंवा कर्करोग नसेल आणि आधीही कधी तसे निदान झालेले नसेल, तर तपासणीची गरज नाही. मुख तसेच ठेवून वरचाच भाग काढला असेल, तर इतर स्त्रियांप्रमाणेच तपासणी हवी. शस्त्रक्रियेचे कारणच पूर्वकर्करोग असेल, तर योनीमार्गाची तपासणी पुढे दीर्घकाळ चालू ठेवावी लागते. डिस्चार्ज कार्ड आणि तुकड्याचा अहवाल पाहून या तीन गटांत विभागणी करा. कागद हरवले असतील, तर स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून धरणारे साधन) लावून मुख आहे की नाही, हे आरोग्य केंद्रातील डॉक्टर काही मिनिटांत पाहू शकतात.